बेल उचललेली माणसं

३ नोव्हेंबर, सोमवार

दोन दिवसांच्या त्या प्रशिक्षणाची खरी किंमत आज बसून काढली. शनिवार-रविवार दवाखाना बंद, म्हणजे नव्वदेक पेशंट कुलूप बघून माघारी. त्यातले निम्मे समोरच्या होमिओपॅथीवाल्याकडे. त्यातलेही चार-पाच आता तिकडेच राहणार, कारण तो गोड गोळ्या देतो आणि गोड बोलतो. तीन वेळा पनीर — त्याची जळजळ अजून छातीत आहे. झोप नाहीच, कारण शेजारच्या खोलीत बीडचा एक डॉक्टर घोरत होता आणि माझे कान असे की भिंत आड असून नसल्यासारखी. एवढं घालून मिळालं काय? गळ्यात अडकवायचं कार्ड. त्यावर लिहिलंय — सहप्रवासी मार्गदर्शक.

कार्यक्रमाचं नाव 'सोबत'. पुण्याची संस्था आहे. दुखण्याच्या कॅप्सूल, खोकल्याचं औषध, अफूच्या जातीची जी जी नशा आहे तिच्यावर इलाज करणाऱ्या डॉक्टरांच्या जोड्या लावतात. एक जुना, एक नवा. दर बुधवारी तीनला फोन. नव्यानं आपल्या पेशंटची हकिकत मांडायची, पण नाव-गाव सांगायचं नाही. जुन्यानं ऐकायचं. "नुसतं ऐकायचं, सर. लगेच उत्तर द्यायचं नाही," अर्पिता मॅडम म्हणाल्या. त्या पुण्याहून आलेल्या, वय तीसच्या आत. मला ऐकायला शिकवणार! पडद्याआड बसून नुसत्या चपलेच्या आवाजावरून ज्याला कळतं की येणारा तापानं आलाय की सुट्टीच्या सर्टिफिकेटसाठी, त्याला.

शेवटी प्रत्येकाला दोन मिनिटं दिली होती. मी सरळ सांगितलं. ताडकळसला माझा दवाखाना. सात वर्षांत गोळीतून काढलेली माणसं एकशे चौदा. दहा दिवस सलाईन आणि झोपेचं औषध, अकराव्या दिवशी महादेवापुढं बेल. बेल उचललेला एकही माणूस गोळी लागली म्हणून पुन्हा माझ्या दारात आलेला नाही. एकही नाही. टाळ्या झाल्या. बीडवाल्यानं वाजवल्या नाहीत. रात्रभर घोरून दमला असेल.

५ नोव्हेंबर, बुधवार

पहिला फोन. माझ्या वाट्याला आलाय डॉ. धम्मदीप. वय एकोणतीस. स्टेशनाजवळच्या सरकारी दवाखान्यात मागची एक खोली त्याला दिलीय. दोन खुर्च्या, एक कपाट, कपाटाला दोन कुलपं. कुलपं कशाला, तर आत ब्युप्रेनॉर्फिन. नशेच्या गोळीची तलफ मारणारी दुसरी गोळी. पेशंटला रोज समोर बसवून जिभेखाली ठेवायला द्यायची आणि विरघळेपर्यंत त्याच्या तोंडाकडं बघत बसायचं. एवढं शिकून हे काम.

"सर, केस मांडू का?"

"मांड बाबा."

पुरुष, वय अडतीस. जिनिंगवर हमाल, रुईच्या गाठी रचतो. कमरेत कळ निघायची म्हणून मेडिकलवाल्यानं चिठ्ठीशिवाय ट्रामाडॉलची कॅप्सूल दिली. एकानं कळ जाते, दोनानं अंगात वारं भरतं, पुढं मोजणं सुटतं. हा दिवसाला अठरावर गेला होता. एकदा कुठंतरी सुटली होती, तीन महिने टिकलं, पुन्हा लागली. दीड महिन्यापासून धम्मदीपच्या गोळीवर आहे. कॅप्सूल एकही नाही, रोज कामावर जातो. "आणि सर, हप्त्यातून एखादवेळी हसतो."

"हे केसपेपरवर लिहिलंस?"

"लिहिलंय सर."

"आधी कोणाकडं सुटली होती?"

"सांगत न्हाई. विचारलं की खाली बघतो."

असेल कोणी अर्धवट. दहा दिवस झोपवून बिल हातात दिलं असेल आणि वाऱ्यावर सोडलं असेल. असल्या लोकांनी धंदा नासवलाय. तसं मी बोलूनही दाखवलं. धम्मदीप 'हो सर' म्हणाला.

"तुझी ही गोळी किती दिवस चालायची?"

"त्याला लागेल तितके दिवस. वर्षभर. जास्त बी लागू शकतंय."

दारू सोडवायला रोज ताडी पाजायची, तीही सरकारी खर्चानं आणि दोन कुलपांतून. हसू आवरलं नाही. पोरगा गरीब आहे, तोही हसला.

८ नोव्हेंबर, शनिवार

आज योगीराजचा अकरावा दिवस. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे, घरचं खाऊन-पिऊन सुखी. खोकल्याच्या औषधाच्या दिवसाला चार बाटल्या रिचवायचा. खोकला एक दिवस नव्हता.

माझी पद्धत ठरलेली आहे. आतल्या खोलीत महादेवाचा फोटो. आश्रुबा — माझा कंपाउंडर, बावीस वर्षं माझ्याबरोबर — तांब्या भरून ठेवतो, त्यावर बेलाचं पान. पेशंटनं आंघोळ करून यायचं. आई नाहीतर बायको शेजारी उभी पाहिजे. पान उचलून कपाळाला लावायचं आणि म्हणायचं — पुन्हा शिवलो तर माझं तू बघ. बस. पुण्याच्या चारशे पानी पुस्तकात हे नाही.

योगीराजची आई कस्तुराबाई रडली. त्या रडतातच. म्हणाल्या, "अप्पा, तुमी देव हायेत."

"देव तिकडं फोटोत हाय मावशी. मी फी घेतो."

आश्रुबा तांब्या उचलून घेऊन गेला. हल्ली तो या वेळी बोलत नाही. म्हातारा झालाय.

१२ नोव्हेंबर, बुधवार

धम्मदीपनं आज बेलाबद्दल विचारलं. कोणाकडून तरी कळलं असणार. टाळ्यांचा आवाज लांब जातो.

"सर, मला पटायला काही हरकत न्हाई. पण माझ्याकडं मुसलमान येतात, आमचे बौद्ध येतात. मी स्वतः बौद्ध. त्यांना कशावर हात ठेवायला सांगू?"

"ज्याला जे सगळ्यात मोठं वाटतं त्यावर."

"एकाला विचारलं तसं. तो म्हणला, साहेब, सध्या तर गोळीच मोठी वाटायलीय."

पोरगा दिसतो तितका गरीब नाही.

त्याच्या हमालाचं बरं चाललंय म्हणे. बोलता बोलता मागून दार वाजलं, आणि कोणीतरी म्हणालं, "सायेब, येऊ का मंग?" आवाज घोगरा, कापसाच्या धुळीनं बसलेला. क्षणभर ओळखीचा वाटला. पण हमालांचे आवाज सगळे एका जातीचे. बापाचाही तसाच होता. परभणीच्या मोंढ्यात तीस वर्षं पोती वाहिली त्यानं. संध्याकाळी घरी आला की आधी पाच मिनिटं नुसता खोकायचा, मग मला हाक मारायचा. कंबर त्याचीही गेली होती. बिडीशिवाय कशाला शिवला नाही. त्याच्याच पोत्यांवर मी डॉक्टर झालो. म्हणून ही अठरा कॅप्सूलवाली माणसं मला सहन होत नाहीत. दुखतंय म्हणे. दुखत कोणाला नाही?

१९ नोव्हेंबर, बुधवार

फोन. केस तीच. प्रगती — दोनदा हसला.

२२ नोव्हेंबर, शनिवार

बन्सीधरची बायको राजेश्री आली होती, चुडाव्याहून. बन्सीधर म्हणजे माझ्या यादीतला खणखणीत माणूस. दोन वर्षांपूर्वी ह्याच कॅप्सूलमुळं हाडांचा सापळा होऊन आला होता, बेल उचलून ताठ मानेनं गेला. त्यानंतर तोंड दाखवलं नाही. बरं झालेलं माणूस डॉक्टरला विसरतं, त्याचा मला राग नाही.

राजेश्रीची घशाची तक्रार होती. तपासलं, गुळण्या सांगितल्या. तरी उठेना.

"अप्पा, एक इचारू का?"

"इचार की."

"बेल उचललेल्या माणसानं मोडलं, तर काय करायचं असतंय?"

"कोण मोडलाय?"

"न्हाई, हाय एक. भावकीतला."

"त्या भावकीतल्याला सांग, ज्यानं महादेवाला फसवलं तो माझं काय ऐकणार हाय? माझ्या दारात आणू नका म्हणावं. बाहेरच्या बाहेर काय करायचं ते करा."

"बरं," म्हणाली. आवाज अगदी बारीक झाला होता. घसा लय धरला होता बाईचा.

जाता जाता मी म्हटलं, २८ डिसेंबरला 'सोबत'वाल्यांचा समारोप आहे, मंत्री-बिंत्री येणारेत, बन्सीधरला घेऊन जायचंय मला. दोन शब्द बोलेल — कसा होतो आणि कसा झालो. गाडी माझी, जेवण त्यांचं. "सांगते," म्हणाली. "कामावर जायलाय का?" विचारलं. "जायलाय," म्हणाली. मग झालं तर.

२६ नोव्हेंबर, बुधवार

आज मात्र मी धम्मदीपला सोडलं नाही. दोन-अडीच महिने झाले, हमाल बरा आहे, कामावर आहे, हसतो बिसतो. मग गोळी अजून कशाला? नशेच्या गोळीचा गुलाम होता, आता सरकारी गोळीचा गुलाम आहे. रोज सकाळी रेल्वेनं येतो, जीभ वर करतो आणि जातो. याला सुटणं म्हणायचं?

"डोस निम्मा कर. आठ दिवसांनी त्याच्या निम्मा. मग बंद."

"सर, पुस्तकात एवढ्या लवकर—"

"पुस्तक पुण्यात लिहिलंय. हमाल इथला हाय."

"तो भ्यायलाय सर. म्हणला, कमी केलं की मी पुन्हा मेडिकलच्या पायरीवर दिसन."

"भीती असली पाहिजे. मी इतक्या लोकांना भीतीवरच तारलंय. तुझा अनुभव किती, माझा किती?"

 त्याच्या खोलीतला पंखा कुरकुरतो, तो मला ऐकू येत होता.

"तुमचा सल्ला म्हणून फॉर्मवर लिहू का सर?"

"लिही. ठळक लिही."

३० नोव्हेंबर, रविवार

व्हॉट्सॲपच्या गटावर अर्पिता मॅडमनी उगवत्या सूर्याचं चित्र टाकलंय. खाली — आज तुम्ही कोणाचं मनापासून ऐकलंत? सदतीस डॉक्टरांनी हात जोडले. बीडवाल्यानं लिहिलं, "बायकोचं." एवढा एकच माणूस त्या गटात खरं बोलतो.

३ डिसेंबर, बुधवार

डोस निम्मा झाला. हमालाचं नाक गळतंय, जांभया थांबत नाहीत, पोटऱ्यांत गोळे येतात, चार दिवस डोळ्याला डोळा नाही. गाठी ओढायचा लोखंडी हूक हातातून सुटायलाय म्हणे.

"सर, मी परत वाढवू का?"

"आता वाढवलंस तर आयुष्यभर वाढवत बसशील. आठ दिवस कळ काढायची असते. माझ्याकडं दहा दिवस कळ काढतात."

"तुमच्याकडं झोपेत काढतात सर. हा गाठी रचत काढायलाय."

उत्तर द्यायला शिकलाय. बरंय.

मग म्हणाला, "तुमी एकदा त्याच्याशी बोलता का? मोठ्या डॉक्टरनं दोन शब्द धीराचे सांगितले तर—"

"नाव-गाव कळू द्यायचं नाही, नियम तुमच्याच लोकांचा. फोनवर आणून बसवलंस की नियम मोडला."

नियम मला एरवी आठवत नाहीत. आज बरा आठवला. तीन वीसला फोन ठेवला. बाहेर अकरा पेशंट होते.

६ डिसेंबर, शनिवार

बन्सीधरला चार वेळा फोन लावला, २८ तारखेचं पक्कं करायला. उचलत नाही. माणसं बरी झाली की माजतात.

१० डिसेंबर, बुधवार

तीन वाजले, सव्वातीन वाजले, धम्मदीपचा फोन नाही. तीन चाळीसला दोन ओळींचा मेसेज — आज जमत नाही सर, पेशंटसाठी परभणीला आलोय.

मी पेशंट बसवून ठेवतो याच्यासाठी, आणि याला जमत नाही. अर्पिता मॅडमना कळवलं — नव्या लोकांना वेळेची किंमत नाही. त्यांनी हात जोडलेलं चित्र पाठवलं.

११ डिसेंबर, गुरुवार

दुपारी धम्मदीप स्वतः आला. मोटारसायकलवर, डोक्याला रुमाल बांधलेला. व्हॉट्सॲपवरच्या फोटोतल्यापेक्षा बारीक आहे. मी आश्रुबाला चहा सांगितला. त्यानं उभ्या उभ्याच सांगायला सुरुवात केली.

शुक्रवारी हमाल गोळीला आला नाही. शनिवारीही नाही. सोमवारी कळलं की कॅप्सूल परत सुरू झाल्यात, आणि मधले दिवस भरून काढायचे असल्यासारखा तो एकदम वीस-बावीसवर गेलाय. मंगळवारी दुपारी जिनिंगवर गाठींच्या थप्पीवर असताना त्याला झटका आला. ट्रामाडॉल जास्त झालं की येतो. मला माहीत आहे, पंधरा वर्षं माहीत आहे. वरून खाली पडला. डाव्या खांद्याचं हाड मोडलं, तीन बरगड्या, डोक्याला चौदा टाके. परभणीच्या दवाखान्यात आहे. काल दिवसभर शुद्धीवर नव्हता, आज सकाळी आला.

"वाचला," धम्मदीप म्हणाला. "त्यात आपलं काही न्हाई सर. खाली सरकीचा ढीग होता."

'आपलं' म्हणाला. 'तुमचं' म्हणाला असता तर मला भांडता आलं असतं.

मी म्हटलं, "धरसोड माणूस. आठ दिवस कळ काढवली नाही." तो रुमाल सोडून त्याची घडी घालत बसला.

आश्रुबा चहाचे कप घेऊन दारात उभा होता. कधीपासून, कोण जाणे. म्हणाला, "चुडाव्याचा बन्सीधर का, सायेब?"

धम्मदीपनं माझ्याकडं बघितलं. मग आश्रुबाकडं. नाही म्हणाला नाही.

"तुला काय माहीत?" मी आश्रुबाला विचारलं.

"साऱ्या बाजाराला माहीत हाय अप्पा. बेल उचलून गेला, त्या साली आखाडातच पुन्यांदा लागली त्याला."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुमी कवा इचारलंच न्हाई." कप टेबलावर ठेवले. "त्याचा एकट्याचाच न्हाई. लय जणांचा बेल मोडलाय. रस्त्यात मला बघितलं की तोंड फिरवून जात्यात."

चहा कोणीच घेतला नाही.

१२ डिसेंबर, शुक्रवार

परभणीला जाऊन आलो. राजेश्री वॉर्डाबाहेर पायरीवर बसलेली. मला बघून उठली, पदर सारखा केला. "अप्पा, तुमी कशाला तरास घेतला," म्हणाली. भावकीतल्याचा विषय तिनंही काढला नाही आणि मीही.

बन्सीधरचा खांदा बांधलेला, तोंड सुजलेलं. मला बघताच डोळे मिटून घेतले. मी स्टूल ओढून बसलो. डोळे मिटूनच बोलला. तोच आवाज. महिन्यापूर्वी फोनमधून ऐकलेला.

"दोन डाव आलतो अप्पा तुमच्याकडं. दवाखान्याच्या पायरीपस्तोर. आतून तुमचा आवाज आला, तसाच माघारी फिरलो."

"आत यायचं होतं की."

"बेल मोडून? कोण्या तोंडानं?"

 मग तोच धम्मदीपचं सांगत बसला. ते सायेब लय चांगले हायत, कवा वरच्या आवाजात बोलले न्हाईत, जिभेखाली गोळी ठेवली की पेपर वाचून दाखवायचे. "पर त्यांच्या वरचा कुणी डॉक्टर हाय म्हणं. त्यानं गोळी कमी करायला लावली. त्या वरच्याला एकदा जिनिंगवर आणा म्हणलं, गाठ द्या डोक्यावर. मंग इचारा कळ कशी काढायची ती." हसायला गेला, बरगड्या दुखल्या, कण्हला.

राजेश्री म्हणाली, "गप पडा की. अप्पापुढं काय बी बोलायलेत."

मी स्टुलावरून उठलो. तो वरचा मीच, हे सांगितलं नाही. केळी ठेवली आणि आलो. ताडकळस येईपर्यंत गाडीत रेडिओ लावला नाही.

१४ डिसेंबर, रविवार

परत गेलो. सांगितलं.

बन्सीधरनं छताकडं बघितलं. मग म्हणाला, "असं व्हय." एवढंच. राजेश्रीनं मी आणलेली मोसंबी पिशवीसकट उचलून खाटेखाली सरकवली. पाणी घेता का, असं या खेपेला विचारलं नाही.

१७ डिसेंबर, बुधवार

तीनला मीच फोन लावला.

"डॉक्टर, बन्सीधरची गोळी पुन्हा सुरू केली का?"

"शुक्रवारीच केली सर. पूर्ण डोस. तुमाला विचारलं न्हाई."

"बरं केलं."

 पंखा कुरकुरत होता. मी म्हटलं, माझी एक केस मांडतो. त्याला वाटलं मी थट्टा करतोय. मी सांगितलं — डॉक्टर, पुरुष, वय चौपन्न. सात वर्षं लोकांना देवापुढं उभं करतो, आणि जो येत नाही तो बरा झाला असं धरून चालतो. आत्तापर्यंत एकालाही फोन केलेला नाही. काय करावं?

मला वाटलं आता पोरगा मला ऐकवेल. ऐकवायची संधी होती, आणि मी त्याच्या जागी असतो तर सोडली नसती. तो म्हणाला, "फोनच करावे सर. पण तुमी स्वतः करू नका. तुमचा आवाज ऐकला की लोक खरं सांगायचे न्हाईत."

२१ डिसेंबर, रविवार

आश्रुबाला जुनी रजिस्टरं काढायला लावली. फोन तो करतो, स्पीकरवर. मी शेजारी बसतो आणि खोकतसुद्धा नाही. त्याची बोलण्याची पद्धत अशी — आधी बैल, मग कापूस, मग पोरीबाळी, आणि सगळ्यात शेवटी, "आन् ते गोळीचं कसं हाय?" पाच मिनिटांचं काम वीस मिनिटांत करतो. आणि लोक सांगतात. मला सात वर्षांत जे सांगितलं नाही ते या माणसाला वीस मिनिटांत सांगतात.

पहिल्या दिवशी चौदा फोन. तीन नंबर बंद. दोघं ऊस तोडायला कर्नाटकात. एक म्हणाला, "अप्पाला सांगू नको गड्या, पर कवाच लागली परत." दुसऱ्यानं हेच सांगितलं आणि वर विचारलं, "अप्पाची तब्येत कशी हाय?" काळजीनं विचारलं. ते ऐकायला लय जड गेलं.

योगीराजकडं लावला. बेल उचलून दीड महिना झालेला. कस्तुराबाईंनी उचलला. "सुटलंय की, महादेवाच्या कृपेनं. एकदम सुटलंय." मागून योगीराज हळूच म्हणाला, "मी घरी न्हाई म्हणून सांग." कान अजून शाबूत आहेत.

उद्या धम्मदीपला सांगून योगीराजला तिकडं पाठवायचं. माझ्याकडं येणार नाही तो.

२४ डिसेंबर, बुधवार

अर्पिता मॅडमना कळवलं की २८ला येत नाही, आणि बन्सीधरही येत नाही. त्यांनी विचारलं, "सर, सगळं ठीक ना? तुमच्या एकशे चौदांची स्लाइड तयार आहे. मंत्रीसाहेबांच्या भाषणातही तो आकडा घातलाय." काढून टाका म्हटलं. आता छापून झालंय म्हणाल्या.

आतल्या खोलीतला तांब्या आश्रुबाला घरी घेऊन जायला सांगितला. नको म्हणाला. माझ्या घरी पाणी प्यायला भांडी हायत, म्हणाला. मग मीच उचलून कपाटात ठेवला.

२ जानेवारी, शुक्रवार

सत्तरच्या पुढं गेलो. आश्रुबाचा घसा बसलाय. आज एका बाईनं फोन उचलला, तर आश्रुबा बैल-कापूस करायच्या आधीच गप्प झाला. बराच वेळ ऐकत होता. शेवटी "व्हय, व्हय, बाई" म्हणून ठेवला. रजिस्टरात त्या नावापुढं फुली मारली. स्पीकर सुरूच होता. सांगायची गरज नव्हती.

९ जानेवारी, शुक्रवार

यादी संपली. एकशे चौदापैकी एक्क्याण्णव जणांचा पत्ता लागला. गोळी सुटलेले बारा. नऊ जण वारलेत.